कारखान्यामागचं ऊन

पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात मला काम मिळालं तेव्हा आईने एकच विचारलं, तिथे बसायला खुर्ची आहे का. पाठ नसलेलं उंच स्टूल होतं. मी आहे म्हटलं. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते, आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो, आणि मुलीने कारखान्यात कामाला जाणं आमच्या नात्यागोत्यात कधी घडलं नव्हतं. आत्याने तर स्पष्टच म्हटलं की इंग्रजी शाळेत घातली आणि शेवटी बाटल्या धुवायला पाठवली. मी बाटल्या धूत नव्हते. पण हे आत्याला समजावून सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि त्याची मला सवय नव्हती.

मी बाटल्या बघत असे. औषधाची पूड भरून, बूच लावून आलेल्या लहान बाटल्या ट्रेमधून माझ्यासमोर येत. समोर काळी पाटी, तिच्यावर झाकण घातलेला दिवा. एकेक बाटली उचलायची, उजेडात फिरवायची आणि आत काळा ठिपका, एखादा धागा किंवा काचेला चीर दिसते का ते पाहायचं. जिच्यात काही खोट दिसली ती बाजूला ठेवायची. चांगली बाटली हातातून लगेच पुढे जाई, तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नसे. दिवसभर वाईट तेवढंच शोधायचं काम. संध्याकाळी घरी गेल्यावर भाताच्या ताटातसुद्धा माझी नजर आधी खड्याकडे जायची.

आमच्या खात्याला खिडकी नव्हती. आतली हवा गार आणि गाळून घेतलेली. आत जायचं तर हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं. वेणीतलं फूल, कपाळावरचं कुंकू, अंगठी, सगळं बाहेर. मंगळसूत्र झग्याच्या आत गळ्याशी बांधून चालायचं, पण काचेच्या बांगड्या मुळीच चालत नसत. बायका त्या कपडे बदलायच्या खोलीत आपापल्या डब्यात काढून ठेवत आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा चढवत, कारण भुंड्या हाताने घास घ्यायचा नाही असं प्रत्येकीला लहानपणापासून सांगितलेलं होतं. सुट्टी संपली की पुन्हा काढायच्या, पुन्हा हात धुवायचे. या काढण्याघालण्यात आमच्या सुट्टीतला बराच वेळ जाई. तरी कुणी तो वेळ वाया गेला असं म्हणत नसे.

जेवायला आम्ही खात्याच्या मागच्या दाराने बाहेर जायचो. तिथे बॉयलरची भिंत होती, थंडीतही कोमट असायची. भिंतीशी फरशीचे उरलेले तुकडे टाकलेले होते, त्यांवर आम्ही बसत असू. समोर तारेचं कुंपण, पलीकडे बाभळी, त्यामागे रेल्वेचे रूळ, आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर घोरवडीचा डोंगर. बघण्यासारखं याहून काही नव्हतं. पण माथ्यावर ऊन होतं. काळ्या पाटीसमोरून उठून तिथे आलं की डोळे आधी मिटायचे आणि मग हळूहळू उघडायचे.

आमच्यात वयाने मोठी होती ती मावशी. सगळ्याच तिला मावशी म्हणत. ती इथल्याच गावातली, आणि कारखाना उभा राहिला त्या जमिनीचा एक तुकडा पूर्वी त्यांच्याकडे होता. त्याबद्दल ती कधी हळहळली नाही. नव्या बाईला भिंतीशी जागा करून देत सांगायची, "आदी हितं आमची बाजरी उगवायची. आता मी उगवते."

मावशीने एक रीत पाडली होती. डबे उघडले की ती विचारी, "आज काय गावलं?" सकाळपासून जे काही चांगलं वाट्याला आलं असेल ते प्रत्येकीने एक सांगायचं. मोठं काही सांगितलेलं तिला आवडत नसे. भाऊ परीक्षेत पास झाला असं एकीने सांगितलं तर मावशी म्हणाली, ते समद्या गावाला दिसतंय, तुला एकटीला गावलेलं सांग. मग कुणी सांगे की नळाला वेळेवर पाणी आलं. कुणी सांगे की दूध उतू जाता जाता नेमकं हाताशी आलं. रत्नागिरीकडची एक होती, तिने एकदा सांगितलं की सासू उद्या गावाला जाणार आहे. ते बाद झालं, कारण उद्याचं आज चालत नसे. एकीने नवऱ्याने चहा केल्याचं सांगितलं तेव्हा कुणाच्या नवऱ्याने, असं चौघींनी एकदम विचारलं आणि तिच्या शेजारणीची साक्ष काढेपर्यंत ते धरलं नाही.

माझी पाळी आली की मी काही नाही म्हणत असे. त्या हसत आणि पुढे जात. "मड्डमला सायबानं काय दिलं तरच गावणार," असं माझ्याबद्दल एकदोनदा कानावर आलं. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सकाळी मी रेल्वेने कामाला यायची, तेव्हा आकुर्डीच्या अलीकडे रुळांना लागून एका गोठ्यात एक म्हातारा रोज दात घासत आपल्या बैलाशी गप्पा मारत असे, आणि गाडी जाईपर्यंत बैल मान हलवत असे. हे मला रोज सापडायचं. पण आमच्या मिशनच्या शाळेत जेवणाआधी हात जोडून आभार मानावे लागत, कशाकशाचे मानायचे ते सिस्टर ठरवून देत, आणि डाळ करपलेली असली तरी शब्द तेच असत. त्यामुळे चांगली वाटलेली गोष्ट मोठ्याने बोलायला मी घाबरायची. बोलली की ती कुणाच्या तरी मालकीची होईल असं वाटे.

पौष महिन्यात एका सकाळी माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये मला हिरवा कण दिसला. तो बाटलीत नव्हता. दोन बाटल्यांच्या मधे, ट्रेच्या तळाशी होता, तांदळाच्या कणीएवढा. उजेडात धरला तेव्हा समजलं, बांगडीची काच. मी हात वर केला. असं काही दिसलं की हात वर करायचा असा नियम होता, आणि तो नियम मला पटलेला होता. त्या बाटल्यांमधलं औषध कुणाच्या तरी लेकराच्या अंगात जाणार होतं.

काम थांबलं. तो ट्रे आणि त्याच्या आगेमागेचे ट्रे बाजूला काढले. दुपारी आमच्या खात्याच्या साहेबांनी सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत उभं केलं. साहेब मद्रासकडचे. मराठी त्यांना येत नसे आणि त्यांची हिंदी आमच्याहून कच्ची होती, म्हणून महत्त्वाचं काही सांगायचं झालं की ते इंग्रजीत बोलत आणि मी मराठीत सांगत असे. बांगडी घालून आत कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. मी ते सांगायच्या आतच एका नव्या नवरीने स्वतः झग्याची बाही वर सारली. दंडावर, कोपराच्या बरीच वर, एकच हिरवी बांगडी घट्ट बसलेली होती. तिच्या कडेचा टवका उडाला होता. लग्नाला वर्ष होईपर्यंत हात एक क्षणही मोकळा ठेवू नकोस असं सासूने बजावलं होतं, म्हणून सगळ्या डब्यात काढून ही एक ती वर सरकवून रोज आत जात होती. तिला वाटलं होतं, मनगटावर नसली म्हणजे नियम पाळल्यासारखंच आहे. आणि दंडावर असली म्हणजे सासूचंही ऐकल्यासारखं.

साहेब तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी तिला लेबलं चिकटवायच्या खात्यात पाठवलं. तिथे बांगड्या चालत. रत्नागिरीकरीण हळूच म्हणाली, बघा, फोडली हिनं आणि हातभर चुडा घालायची मुभा पण हिलाच.

मग साहेबांनी हुकूम सांगितला आणि मी तो मराठीत केला. उद्यापासून बांगड्या घरीच ठेवायच्या. या खोलीपर्यंतसुद्धा आणायच्या नाहीत. आणि बाहेर जाणं, आत येणं, यातून धूळ आणि काच येते, म्हणून मागचं दार आजपासूनच सुट्टीत बंद राहील. जेवण आतल्या रिकाम्या खोलीत करायचं. पुढे ते आणखी एक वाक्य बोलले आणि माझ्याकडे पाहत थांबले. ते मी मराठीत केलं नाही.

मावशीने विचारलं, "आनि काय म्हनला?"

"म्हणतात, गार खोली, धुतलेले कपडे, बसायला टेबल, एवढं सगळं मिळतंय. आपण उपकार मानले पाहिजेत."

बायका आपापला डबा घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी शेवटी गेले. माझ्यासाठी बाकावर जागा केली नव्हती.

ती खोली वाईट नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. टेबलं नवी होती, पाणी गाळलेलं होतं, भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या. दिवा सकाळी जसा तसाच दुपारी. पण तिथे बसलं की किती वाजले ते समजत नसे, आणि बोललेलं सगळं भिंतीवरून परत येई, म्हणून बायका कुजबुजत. सवाष्णी मोकळ्या मनगटांवर पदर ओढून घाईने चार घास खात. दोघीतिघींनी जेवण सोडूनच दिलं, घरी गेल्यावर खाऊ म्हणाल्या. मावशीने पहिल्या दिवशी सवयीने विचारलं, आज काय गावलं. बायका खाली बघून खात राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही.

माझ्याशी कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. त्या एकमेकींत बोलत, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. इंग्रजी शाळेनं डोळे दिले, त्या डोळ्यांत आमचं ऊन गेलं. साहेबाकडून आता मड्डमला बढती. रत्नागिरीकरणीने तर मला तोंडावर विचारलं की कण बारीक होता ना, मग बोटाने पुसून टाकता आला नसता का.

नसता आला, असं मी तिला सांगितलं. तो कण पुन्हा दिसला तर पुन्हा हात वर करेन, हेही सांगितलं. तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. मला वाटतं, मी तिच्याशी एवढी लांब दोन वाक्यं प्रथमच बोलले होते. त्या बाबतीत मी कुणाची क्षमा मागितली नाही, आणि आजही मला तशी गरज वाटत नाही. पण त्या रात्री झोपताना मला राग आला होता तो बायकांचा नव्हता. कण सापडणं बरोबर होतं आणि ऊन जाणंही बरोबर होतं, असं जे ठरवलं गेलं होतं त्याचा होता. पहिलं मला मान्य होतं. दुसरं का म्हणून मान्य करायचं? बांगडी काही उन्हाने फोडलेली नव्हती.

त्या आठवड्यातच मी साहेबांच्या खोलीत गेले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाय उचलले नसते.

इंग्रजीत मी आजवर उत्तरं दिली होती, भांडले कधीच नव्हते. शाळेत पूर्ण वाक्यात बोलायची शिस्त होती, तिचा त्या दिवशी उपयोग झाला. मी म्हटलं की बांगड्या आत येता कामा नयेत, हे मला मान्य आहे. पण बांगड्यांचे डबे कपडे बदलायच्या खोलीत असल्यामुळे त्या आत येत होत्या. डबे मागच्या दाराबाहेर ठेवा. सकाळी बांगड्या तिथेच काढायच्या, सुट्टीत तिथेच घालायच्या, तिथेच काढायच्या. आत शिरताना प्रत्येकीचा हात खांद्यापर्यंत तपासायचा. आणि दार उघडं ठेवा.

साहेब शांतपणे ऐकत होते. माणूस समजूतदार होता, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं कठीण होतं. ते म्हणाले की बांगड्यांचं समजलं, पण दाराचं काय? उन्हाळ्यात तर तुम्हीच आत जेवायला मागाल. एवढी चांगली खोली असताना या बायका दगडांवर बसायला का तडफडतात? आहे त्यात माणसाने समाधान मानावं, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही त्यांना हे शिकवायला हवं.

"समाधान मानायला त्यांना माझ्याहून जास्त येतं, सर," मी म्हटलं. "रोज जेवताना त्या तेच करत होत्या. दूध उतू गेलं नाही याचं, नळाला पाणी आलं याचं. तुमच्या खोलीचे आभार त्या मानतील, मीही मानते. पण ते ऊन तुम्ही दिलेलं नव्हतं. ते त्यांना सापडलं होतं. दार बंद करून वर समाधानी राहा म्हणता येणार नाही."

माझा आवाज मला ऐकू येत होता, आणि तो मला नको तेवढा मोठा वाटला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. हात कोण तपासणार, असं विचारलं. मी, असं मी म्हटलं. पुन्हा काचेचा एक कण सापडला तर?

"तर दार कायमचं बंद करा, आणि मलाही काढा."

हे मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून गेलं, आणि मागे घ्यावंसं वाटलं नाही. घरी आत्या काय म्हणेल ते डोळ्यांसमोर आलं, तरीही वाटलं नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, तुमच्या जबाबदारीवर.

मी बायकांना येऊन सांगितलं. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. त्या चिडल्या. कुणाला विचारून गेलीस, हा पहिला प्रश्न. आमच्या हातांची झडती तू घेणार, हा दुसरा. आणि तुझी नोकरी गेली तर तुझ्या आईचे शिव्याशाप आम्ही का घ्यायचे, असं रत्नागिरीकरीण म्हणाली, त्यावर मला हसू आलं आणि ती अजून चिडली.

मावशीच्या हातात बांगड्या नव्हत्याच. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आणि डब्याबिब्याचा तिला प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराशी उभी राहिले, समोर कुणी यायला तयार नव्हतं. मावशी पुढे आली, तिने पोलक्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात माझ्यासमोर धरला.

मी म्हटलं, "मावशी, तुमचा कशाला?"

"का, माजा हात न्हाई व्हय?" ती म्हणाली. "बघ नीट. दिव्याफुडं बाटली बघतीस तसा बघ."

मी तो हात नीट पाहिला. मनगटापासून वरपर्यंत, दोन्ही बाजूंनी. मग रांग लागली. रत्नागिरीकरणीने हात पुढे करताना तोंड दुसरीकडे वळवलं होतं, पण हात केला.

दुपारी दार उघडलं. डब्यांतून बांगड्या काढून चढवतानाचा तो आवाज भिंतीशी किती दिवसांनी झाला. बायका आपापल्या जुन्या फरशीवर बसल्या. माझ्यासाठी मावशीच्या शेजारी जागा सोडलेली होती. ऊन उबदार होतं. डबे उघडले आणि मावशीने विचारलं, आज काय गावलं. पहिली मी बोलले. आकुर्डीच्या म्हाताऱ्याचं आणि बैलाचं सांगितलं. त्यावर मोठा वाद झाला, कारण बैलाने मान हलवली तर ती माशांमुळे, गप्पांमुळे नव्हे, असं निम्म्या जणींचं म्हणणं पडलं. सुट्टी संपेपर्यंत तो मिटला नाही.

पुन्हा कण सापडला नाही. पुढे बायकांनी स्वतःच चिंचवडच्या बाजारात मन्याराकडून मापाहून मोठ्या बांगड्या भरून घ्यायला सुरुवात केली, सहज निघाव्यात म्हणून. मन्याराला वाटलं, कारखान्यात बायका वाळताहेत. मी रोज सकाळी आणि रोज दुपारी हात तपासत राहिले. झडती हा शब्द मात्र टिकला. "चल गं, झडती दे," असं त्या एकमेकींना म्हणत.

मग चैत्र लागला. साहेबांनी म्हटलं होतं ते खरं होतं. बॉयलरच्या त्या भिंतीला पाठ टेकवत नव्हती, फरशीवर आधी पाणी शिंपडून बसावं लागे, बाभळीची सावली कुंपणापलीकडेच संपत होती. आतली खोली गार होती, तिचं दार उघडं होतं, आणि तिथे जेवायला कुणाची मनाई नव्हती. एकही बाई आत गेली नाही. डोक्यावर ओले पंचे घेऊन, घाम पुसत, भाकरी वाळायच्या आत खात आम्ही बाहेरच बसलो. आज काय गावलं विचारल्यावर रत्नागिरीकरीण म्हणाली, घाम. ते धरलं गेलं.

एक दिवस साहेब मागच्या दाराशी आले. उंबऱ्याच्या आत, सावलीत उभे राहिले. आमचे लाल झालेले चेहरे त्यांनी पाहिले, आणि मला इंग्रजीत विचारलं की आता तरी आत यायला काय हरकत आहे. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच काळजी होती.

मी ते मराठीत सांगितलं. मावशीने पंचा पिळला, पुन्हा डोक्यावर घेतला.

"सायबाला म्हनावं, खोली लई झ्याक हाय. आमाला वाटंल तवा येऊ."

मी ते इंग्रजीत केलं, शब्दाला शब्द. साहेब आत गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. आम्ही भोंगा होईपर्यंत तिथेच बसून होतो.